पंचवीस रुपयांची पोटगी



मुस्लिम स्त्रीचा विषय निघाला की आपण दूरदेशींच्या गोष्टी काढतो. पण त्यातला एक मोठा अध्याय आपल्या इंदुरातच घडला. शाहबानो बेगम इथल्याच. पाच मुलांच्या या आईला पतीने १९७५ साली घराबाहेर काढले. १९७८ मध्ये त्यांनी पोटगीसाठी अर्ज केला, तेव्हा व्यवसायाने वकील असलेल्या पतीने तलाक दिला. कोर्टाने महिना २५ रुपये ठरवले. उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे केले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. पुढच्याच वर्षी संसदेने वेगळा कायदा करून त्याची धार बोथट केली.

मिळालेला हक्क असा निसटतो. आपल्याकडे तरी वेगळे काय? कुराणाने मुलीला वारसाहक्क सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी दिला, मुलाच्या निम्मा का होईना. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतका हक्क देशभर मिळाला तो २००५ साली. तरी दोन्हीकडे कितीतरी बहिणी भावासाठी हिस्सा सोडतात. आपल्याकडे त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. सही स्वखुशीची असते, असे आपण सांगतो. माहेर तुटण्याची भीती मात्र सांगत नाही.

शाहबानोंविषयी हळहळताना आपल्या घरातला तो कागदही आपण वाचूया. गौरींना आपण मानाने माहेरी आणतो. बहिणीलाही माहेर टिकवायला सही करावी लागू नये, एवढे तरी ठरवूया.

गणपती बाप्पा मोरया!