चर्चगेटचे मूळ

चर्चगेट स्थानकावर नित्य उतरणाऱ्या प्रवाशांपैकी थोड्यांनाच हे ठाऊक असेल की, ज्या वेशीवरून हे नाव पडले ती वेस मुंबईच्या कोटाच्या तटबंदीसह १८६० च्या दशकात जमीनदोस्त झाली असली, तरी जिच्याकडे त्या वेशीतून वाट जात असे, ती सेंट थॉमस कॅथीड्रलची वास्तू फोर्टात आजही उभी आहे. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या अमदानीत, १६७६ साली पाया घातलेले हे बांधकाम सुमारे चाळीस वर्षे अपुरे पडून राहिले आणि १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले. त्याच्या जीर्णोद्धारास २००४ साली युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कार लाभला. वेस गेली, नाव उरले. त्या नावाची साक्ष देणारी वास्तू जतन करणे हे धर्मभेदापलीकडचे नागरिक-कर्तव्य होय.