बत्तीस वर्षांच्या प्रतीक्षेचा एक दिवस
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून संगीतावर बोलण्याचा प्रघात नवा नाही. आपल्या वडील मंडळींपैकी कित्येकांनी येथे नाट्यसंगीताच्या आणि गवयांच्या आठवणी सांगितल्या व आपण त्या आवडीने ऐकल्या. आम्ही मात्र आज एका आयरिश वाद्यवृंदाविषयी बोलणार आहोत. त्याचे नाव यू टू. चिटणीसांना विषय कळविला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले; मग, "वेळेचे तेवढे भान ठेवा," एवढेच म्हणाले.

हा वृंद १९७६ साली डब्लिन शहरात जन्मास आला. लॅरी मलन या शाळकरी मुलाने शाळेच्या फलकावर सूचना लावून वाद्ये वाजविणारे सोबती मागितले. त्यातून जे चौघे एकत्र आले, ते पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहिले : बोनो गाणारा, एज गिटारवाला, ॲडम क्लेटन बेसवर आणि मलन ड्रमवर. आपल्याकडे भाऊभाऊ एका दुकानात इतकी वर्षे टिकत नाहीत, हे येथे बसलेल्या व्यापारी मंडळींस सांगावयास नको.

१९८७ च्या मार्च महिन्यात त्यांचा 'द जोशुआ ट्री' हा गीतसंग्रह निघाला. त्या वर्षी आम्ही आपल्याच ज्ञातीच्या वसतिगृहात राहून शिकत होतो. खोलीतील सोबत्याने व आम्ही निम्मे निम्मे पैसे घालून ती कॅसेट घेतली आणि ती एक आठवडा त्याची, एक आठवडा आमची, असा करार केला. खोली एकच असल्याने या कराराला काही अर्थ नव्हता, परंतु तो कसोशीने पाळला गेला. हे लोक कधी हिंदुस्थानात आले तर दोघांनी मिळून जावयाचे, असेही तेव्हाच ठरले. ते आले १५ डिसेंबर २०१९ रोजी. सोबती २०११ साली हृदयविकाराने गेला होता.

तेव्हा आम्ही एकटेच पुण्याहून एस. टी.ने वाशीस व तेथून लोकलने नेरूळला गेलो. रविवार होता. कार्यक्रम रात्रीचा, तरी दुपारीच डी. वाय. पाटील क्रीडांगणाबाहेरच्या रांगेत उभे राहिलो. पुढे-मागे सारी तरुण मंडळी होती. एका मुलीने आम्हांस विचारले, "काका, मुलांना सोडायला आलात का?" आम्ही तिकीट दाखविले. मग तिने आपल्या पिशवीतील चिवडा पुढे केला आणि पुढचे दोन तास आमची जागा राखण्याचे काम आपणहून पत्करले. रांगेतील अशी माणुसकी आम्ही लग्नाच्या पंगतीतही क्वचित पाहिली आहे.

आत गेल्यावर दिसला तो सुमारे दोनशे फूट रुंद व पंचेचाळीस फूट उंच असा पडदा. आम्ही उभे होतो तेथून रंगमंच शंभरेक मीटर असावा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. त्यामुळे मलनची काठी ड्रमवर पडलेली डोळ्यांस आधी दिसे आणि ठोका कानांवर नंतर येई. प्रारंभ झाला तो 'संडे ब्लडी संडे' या गीताने. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधील डेरी येथे ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळीबार केला, त्या दिवसाचे हे गीत. ठोके लष्करी कवायतीचे आणि शब्द मात्र हिंसेला विटलेल्या माणसाचे.

मग पडदा लाल झाला व ज्यासाठी आम्ही आलो होतो तो संग्रह पहिल्या गीतापासून क्रमाने सुरू झाला. ते पहिले गीत 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'. तबला जाणणाऱ्यांसाठी सांगतो : याची गिटार दादऱ्यासारख्या झुलत्या वजनात उगम पावते आणि गाणे उभे राहीपर्यंत चार मात्रांच्या चालीवर येते. हा सांधा जुळविताना ध्वनिमुद्रणात इतका वेळ गेला की निर्माते ब्रायन ईनो वैतागून ती फीतच पुसावयास निघाले होते. एका सहायकाने त्यांस अडविले. एजच्या वादनाचे मर्म प्रतिध्वनीत आहे. तो एक स्वर छेडतो, यंत्र ठराविक अंतराने तो परत देते आणि त्या दोहोंमधील रिकाम्या जागेत तो दुसरा स्वर नेमका ठेवतो. घरी ऐकताना आम्हांस हे चार हातांचे काम वाटे. प्रत्यक्ष पाहिले तेव्हा त्याची बोटे किती थोडी हलतात हे कळले.

घरबसल्या स्वच्छ ऐकू येत असता एवढी यातायात कशासाठी, असे आमच्या घरूनही विचारले गेले. कॅसेटवरील बोनो सदैव सत्तावीस वर्षांच्या आतलाच राहिला आहे. त्या रात्रीचा बोनो एकोणसाठ वर्षांचा होता. उंच स्वरापाशी तो किंचित थांबे, आणि तेथे हजारो लोक तो स्वर उचलून धरीत. पाचवे गीत संपताच आमचा उजवा हात नकळत वर आला. आम्ही कॅसेट उलटावयास निघालो होतो.

सहावे गीत १९८४-८५ च्या ब्रिटिश खाणकामगारांच्या संपातून स्फुरलेले. ते २०१७ पर्यंत या मंडळींनी रंगमंचावर कधीच सादर केले नव्हते. नववे 'वन ट्री हिल'. १९८६ साली डब्लिनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेलेल्या ग्रेग कॅरल या त्यांच्या न्यूझीलंडच्या मित्रासाठी ते लिहिलेले आहे. वसतिगृहात आम्हां दोघांनाही हे गीत लांबट वाटे व पुष्कळदा आम्ही ते पुढे सरकवीत असू. त्या रात्री ते फार लवकर संपले. शेजारच्या मुलीने आमच्याकडे एकदा पाहिले आणि काही विचारले नाही. अकरावे गीत अर्जेंटिना व एल साल्वाडोर येथील, ज्यांची मुले नाहीशी केली गेली त्या मातांचे.

पुढे ए. आर. रहमान आपल्या कन्यांसह रंगमंचावर आले व 'अहिंसा' हे गीत झाले. पडद्यावर कर्तबगार स्त्रियांची चित्रे झळकली, त्यांत भारतीय स्त्रियाही होत्या. या भागाविषयी मतभेद संभवतात. आमच्या मते तो थोडा सभेसारखा झाला.

त्या दौऱ्याचा तो अखेरचा कार्यक्रम होता. लागलीच २०२० साली महामारी आली. २०२३ मध्ये लास व्हेगास येथे हा वृंद पुन्हा मोठ्या कार्यक्रमांस उभा राहिला तेव्हा शस्त्रक्रियेमुळे मलन ड्रमवर नव्हता, दुसरा वादक होता. आमच्या सोबत्याचे चिरंजीव आता कमावते झाले आहेत. ही बातमी त्यांनीच आम्हांस दूरध्वनीवरून सांगितली आणि विचारले, "काका, ते चौघे पुन्हा इकडे आले तर बाबांच्या जागी मला न्याल का?" आम्ही होकार दिला असून तिकिटाचे निम्मे पैसे त्यांनी द्यावयाचे, असे ठरले आहे.