आनापान आणि मनातली भीती
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे, भन्तेही नव्हे. आम्ही साधे गिरणी कामगार. जे भोगलं आणि जे वाचलं, तेवढंच सांगतो.

गिरणी बंद पडल्यावर आम्हाला मध्यरात्री दरदरून घाम फुटायचा. छाती धडधडायची, आता मरतोच असं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हा चिंतेचा आजार आहे. घरी सांगायची लाज वाटली. मोर्चात पुढे असणारा माणूस घाबरतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आज या सभेतही असे काहीजण गप्प बसले असतील.

आम्ही गोळ्या सुरू केल्या आणि भाज्याला एका शिबिरात आनापान शिकलो. श्वास येतो, जातो, तो पाहायचा. मन पळालं की न चिडता परत आणायचं. गिरणीत धागा तुटला की रडत न बसता तो सांधायचो, तसंच हे. भीती आली, तर 'आली' म्हणून ओळखायची. तिच्यामागे धावायचं नाही. भीती एका दिवसात गेली नाही. पण तिचा जोर वर्षागणिक ओसरला.

ही शिकवण सतिपट्ठान सुत्तात आहे. आपल्या मावळात भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरली गेली. तिथे भिक्खू राहत होते. हा आपलाच वारसा आहे. तोच धागा धरून अमेरिकेत डॉ. जॉन काबाट-झिन यांनी १९७९ साली रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. चिंतेच्या २२ रुग्णांची पाहणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. ३ वर्षांनी त्यातल्या १८ जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा सुधारणा टिकून होती आणि बहुतेकांचा सराव चालू होता. पाहणी लहान होती हे खरं. पण २०२२ साली २७६ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हा अभ्यासक्रम चिंतेवरच्या एका नेहमीच्या औषधापेक्षा कमी ठरला नाही.

म्हणून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. ध्यानाला बसल्यावर त्रास वाढला, तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला मान वर करून जगायला शिकवलं. आजार लपवून मान वर राहत नाही. तेव्हा बोला, उपचार घ्या आणि रोज थोडा वेळ बसा.

जयभीम! नमो बुद्धाय!