दोस्ती सरकारांची, जाब जनतेचा



आजच्या अभ्यासवर्गात मला ब्रिटन आणि अमेरिका यांच्या युतीवर बोलायचं आहे. तुमच्यापैकी काहींना वाटेल, मालेगाव, भिवंडी, मिरज, परभणीच्या मुलामुलींनी लंडन-वॉशिंग्टनच्या दोस्तीची उठाठेव कशाला करायची? आपल्या मोहल्ल्यातले नळ, शाळा, नोकऱ्या हे प्रश्न काय कमी आहेत?

पण तुमच्या मोबाईलवर रोज काय येतं ते आठवा. 'ब्रिटन-अमेरिका एकच आहेत आणि ते इस्लामच्या मुळावर उठले आहेत,' हे एक वाक्य. आणि त्याचाच जुळा भाऊ असलेलं दुसरं वाक्य: 'ते लोकशाहीचे रखवालदार आहेत, त्यांना विरोध करणारे सगळे अतिरेक्यांचे साथीदार.' दोन्ही वाक्यं मोठी सोयीची आहेत, कारण ती एकदा मान्य केली की पुढे विचार करावा लागत नाही. आज मी ही दोन्ही वाक्यं इतिहासासमोर उभी करणार आहे.

सुरुवात १९४१ पासून करू. हिटलरने बहुतेक युरोप गिळला होता. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती. ऑगस्टमध्ये चर्चिल आणि रूझवेल्ट न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ युद्धनौकांवर भेटले आणि १४ ऑगस्टला त्यांनी एक संयुक्त जाहीरनामा काढला. तो अटलांटिक सनद म्हणून ओळखला जातो. आपलं सरकार कसं असावं हे ठरवण्याचा हक्क सर्व लोकांना आहे, असं त्यात म्हटलं होतं. सर्व लोकांना! हिंदुस्थानात ते वाचून आशा पालवली. पण महिनाही उलटला नाही तोच, ९ सप्टेंबरला, चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये खुलासा केला की हे कलम प्रामुख्याने नाझींच्या टाचेखालच्या युरोपसाठी आहे. म्हणजे वचन साऱ्या जगाला, आणि अंमल गोऱ्या जगापुरता.

रूझवेल्ट यांना हे पटलं नव्हतं. १९४२ साली त्यांनी लुई जॉन्सन यांना आपले प्रतिनिधी म्हणून दिल्लीला पाठवलं, क्रिप्स योजना फसल्यावर चर्चिलना पुन्हा प्रयत्न करण्याची गळही घातली. चर्चिल हटले नाहीत. आणि रूझवेल्ट यांनी दोस्ती टिकवण्यासाठी जाहीरपणे बोलणं टाळलं. त्याच वर्षी १ जुलैला गांधीजींनी रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं. हिंदुस्थान आणि आफ्रिका गुलामीत असताना स्वातंत्र्यासाठी लढत असल्याचा दोस्तांचा दावा पोकळ वाटतो, असा त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव जाहीर झाला. ही घोषणा सुचवणारे युसूफ मेहेरअली त्या वेळी मुंबईचे महापौर होते. हे नाव तुमच्या लक्षात असू द्या. साम्राज्याला जाब विचारण्याची आपली परंपरा उसनी आणलेली नाही.

युद्ध संपलं. ५ मार्च १९४६ रोजी चर्चिल यांनी अमेरिकेतल्या फुल्टन इथे भाषण करून या युतीला 'विशेष नातं' असं नाव दिलं. तेव्हा ते पंतप्रधानही नव्हते. योगायोग पाहा, त्याच तारखेला दोन्ही देशांच्या गुप्तहेर खात्यांनी एकमेकांना माहिती पुरवण्याचा करार केला. भाषण जगाने ऐकलं. कराराचा मजकूर मात्र जनतेला २०१० साली वाचायला मिळाला. सरकारांच्या दोस्तीचा एक भाग व्यासपीठावर असतो आणि दुसरा कपाटात, हे यावरून समजून घ्या.

आता मी तुमच्यासमोर दोन घटना ठेवते, फक्त तीन वर्षांच्या अंतराने घडलेल्या.

पहिली इराणची. पंतप्रधान मोहम्मद मोसादेक यांनी १९५१ साली तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. ते तेल तोवर एका ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात होतं. ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यांनी मिळून मोसादेक यांचं सरकार उलथवलं. पुढच्या वर्षी तेलाची नवी वाटणी झाली: चाळीस टक्के त्या ब्रिटिश कंपनीला, चाळीस टक्के अमेरिकी कंपन्यांना, बाकीचा वाटा डच-ब्रिटिश शेल आणि एका फ्रेंच कंपनीला. आधी अमेरिकी कंपन्यांना तिथे काहीच मिळत नव्हतं.

दुसरी घटना इजिप्तची. १९५६ साली नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला. आता 'ते सगळे एकच आहेत' या वाक्याप्रमाणे अमेरिकेने काय करायला हवं होतं? साथ द्यायला हवी होती. झालं उलटंच. आयझेनहॉवर यांनी हल्ल्याला विरोध केला. पौंड घसरत होता, ब्रिटनला डॉलरची गरज होती, आणि अमेरिकेने मदत अडवून धरली. ब्रिटनला सैन्य मागे घ्यावं लागलं आणि जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला.

इराणही मुस्लिम देश, इजिप्तही मुस्लिम देश. तीच युती एकदा घर फोडायला आली आणि एकदा आपल्याच साथीदाराचा हात धरून त्याला मागे ओढती झाली. धर्म हे कारण मानलं तर या दोन घटनांचा ताळमेळ बसत नाही. तेल, पैसा, सोव्हिएत रशियाची भीती, अरब जगातलं वजन ही कारणं धरली की बसतो. इजिप्तवर अमेरिकेचं प्रेम होतं म्हणून तिने ब्रिटनला रोखलं, असंही समजू नका. त्या वेळी तिचा हिशेब तसा होता. हिशेब बदलतो तशी वागणूक बदलते, आणि म्हणूनच जनतेने हिशेबात हात घालायला जागा राहते.

मग दोस्ताला नाही म्हटलं तर युती तुटते का? साठच्या दशकात अमेरिका व्हिएतनाममध्ये रुतत चालली होती. अध्यक्ष जॉन्सन यांना ब्रिटिश सैनिक हवे होते. थोडे असले तरी चालतील, पण झेंडा दिसला पाहिजे, असा आग्रह होता. ब्रिटनचे मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी तोंडी पाठिंबा दिला, पण सैन्य पाठवलं नाही. ब्रिटनचा पौंड तेव्हाही अमेरिकेच्या आधारावर उभा होता. तरीही नकार टिकला आणि युतीही टिकली. तोंडी पाठिंब्यासाठी विल्सन यांच्यावर टीका करायला हवीच. पण त्या नकारामुळे किती ब्रिटिश घरांत शवपेट्या आल्या नाहीत, याचाही विचार करा.

आता २००३. तुमच्यातले बरेच जण त्यानंतर जन्मलेले आहेत, म्हणून जरा सावकाश सांगते.

२८ जुलै २००२ रोजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी अध्यक्ष बुश यांना एक गोपनीय टिपण पाठवलं. त्याची सुरुवात अशी होती: काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन. पुढे त्यात अटी आणि अडचणीही लिहिल्या होत्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ज्याने पहिल्याच ओळीत सगळं देऊन टाकलं, त्याच्या पुढच्या अटींना बाजारात काय किंमत राहते, हे आपल्याकडच्या भाजीवाल्यालाही कळतं. आणि हे वचन पार्लमेंटमध्ये मतदान होण्याच्या जवळपास आठ महिने आधी दिलेलं होतं.

१५ फेब्रुवारी २००३ रोजी लंडनमध्ये युद्धाविरुद्ध मोर्चा निघाला. पोलिसांचा अंदाज साडेसात लाखांचा, आयोजकांचा वीस लाखांपर्यंतचा. आयोजकांत डावे होते, अण्वस्त्रविरोधी चळवळ होती आणि मुस्लिम असोसिएशन ऑफ ब्रिटन ही संघटनाही होती. रस्त्यावर आलेले बहुसंख्य लोक मुसलमान नव्हते. त्यांच्यात पेन्शनर होते, शाळकरी मुलं होती, आयुष्यात कधी मोर्चाला न गेलेले लोक होते. ते बगदादच्या माणसांसाठी थंडीत चालले. 'ते सगळे आपल्या विरोधात आहेत' असं म्हणताना या लाखोंना तुम्ही कुठल्या रकान्यात टाकणार?

एकेकट्याने उभं राहिलेल्यांनाही विसरू नका. कॅथरिन गन ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यात अनुवादक होत्या. सुरक्षा परिषदेतल्या काही सदस्य देशांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवायला मदत करा, अशी अमेरिकेची विनंती त्यांनी वाचली आणि ती वर्तमानपत्रापर्यंत पोहोचवली. नोकरी गेली, खटला झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये सरकारी पक्षाने पुरावा मांडण्यास नकार दिला आणि त्या सुटल्या. परराष्ट्र खात्याच्या उपविधी सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी हे युद्ध बेकायदा आहे म्हणून राजीनामा दिला. माजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी १७ मार्चला मंत्रिपद सोडलं. त्यांच्या भाषणानंतर सभागृहात टाळ्या वाजल्या, तिथला रिवाज मोडून. दुसऱ्या दिवशी ब्लेअर यांच्याच पक्षाच्या १३९ खासदारांनी युद्धाला विरोध करणाऱ्या दुरुस्तीला मत दिलं. विरोधी हुजूर पक्ष मात्र युद्धाच्या बाजूने गेला आणि ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी मंजूर झाला. २० मार्चला हल्ला सुरू झाला. ज्या महासंहारक अस्त्रांसाठी हे सारं झालं, ती सापडली नाहीत.

आता आपल्या घरातली एक गोष्ट, जरा कडू लागेल. हे सैन्य इराकमध्ये शिरलं कुठून? प्रामुख्याने कुवेतमधून. मोहिमेचं मुख्यालय होतं कतारमध्ये. उलट तुर्कस्तानच्या संसदेने १ मार्चला अमेरिकी सैन्याला वाट देण्याचा प्रस्ताव अडवला. बाजूने २६४, विरोधात २५०, पण आवश्यक बहुमताला तीन मतं कमी पडली. अब्जावधी डॉलरची मदत पणाला लागली होती, तरीही. फरक कशाने पडला? दोन्हीकडे मुसलमानच होते. एकीकडे राजघराण्याने निर्णय घेतला, दुसरीकडे प्रस्ताव निवडून आलेल्या सभागृहासमोर गेला.

आपल्या देशातही हेच दिसतं. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने या हल्ल्याची निंदा करणारा ठराव एकमताने केला. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी होते आणि सरकार वाजपेयींचं होतं. जुलैमध्ये अमेरिकेची भारतीय सैन्य इराकला पाठवण्याची मागणी त्याच सरकारने नाकारली. कुणाचं राजकारण आपल्याला पटो न पटो, झालेली गोष्ट झाली म्हणून सांगावी.

आणि सद्दाम? युद्धाला विरोध करता करता काही जणांनी त्यांना हुतात्मा केलं. १६ मार्च १९८८ रोजी त्यांच्या राजवटीने हलबजा गावावर विषारी वायू सोडला, सुमारे पाच हजार कुर्द मेले. तेही मुसलमानच होते. त्या काळात इराणविरुद्धच्या लढाईत अमेरिका आणि ब्रिटन सद्दाम यांच्याशी सांभाळून घेत होते. तेव्हा सोयीचा वाटणारा हुकूमशहा नंतर राक्षस ठरला. पण आपणही तसंच करायचं का? हलबजाला गप्प, बगदादला आक्रोश, ही न्यायाची भाषा नाही.

२००९ साली ब्रिटनने सर जॉन चिलकॉट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. ६ जुलै २०१६ रोजी बारा खंडांचा अहवाल आला. शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्ध पुकारलं गेलं, तो शेवटचा उपाय नव्हता, असा निष्कर्ष त्यात आहे. जुलै २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी मेले, बहुतेक सामान्य नागरिक, असंही त्यात नोंदवलं आहे. आणि आपल्या विषयाबद्दल अहवाल म्हणतो की अमेरिकेशी असलेलं नातं प्रामाणिक मतभेद पेलण्याइतकं मजबूत आहे, त्यासाठी विनाअट पाठिंब्याची गरज नाही. विल्सन यांनी जे करून दाखवलं होतं, ते सांगायला बारा खंड लागले.

कुणाला शिक्षा झाली का? नाही. याची चीड तुम्हाला यायलाच हवी. पण काहीच बदललं नाही, असंही नाही. २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावर हल्ल्याचा प्रस्ताव आला तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने तो २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. इराकची आठवण त्या सभागृहात जागी होती. दोनच दिवसांनी अध्यक्ष ओबामा यांनी हल्ल्याआधी आपल्या संसदेची संमती मागण्याचं जाहीर केलं. त्या मतदानाने सीरियातली माणसं वाचली, असा दावा मी करणार नाही. तिथला संहार चालूच राहिला. पण दहा वर्षांपूर्वीच्या मोर्चाला अपयशी म्हणणाऱ्यांनी ही तारीखही लिहून ठेवावी.

मित्रांनो, संतापाला माझी हरकत नाही. दीड लाख माणसांचा आकडा वाचून ज्याला संताप येत नाही, त्याची मला काळजी वाटते. पण संताप कुठल्या पत्त्यावर पाठवायचा, हे शिकावं लागतं. 'पश्चिम' हा पत्ता नाही, 'ख्रिस्ती' हा पत्ता नाही, 'यहुदी' हा तर मुळीच नाही. टिपण कुणी लिहिलं, कुणी सही केली, कुणी मत दिलं, कुणाचा फायदा झाला, हा पत्ता आहे. आणि आपल्याला कुणी 'सगळे मुसलमान सारखेच' म्हटलं की आपल्याला लागतं, तर तीच चूक आपण लंडनच्या त्या मोर्चातल्या आजीबाबत कशी करणार?

पुढच्या वेळी मोबाईलवर असा संदेश आला की पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: यात सरकार कुठलं, निर्णय कुणाचा, पुरावा काय? हेच तीन प्रश्न आपल्या नगरपालिकेला विचारा, विधानसभेला विचारा, दिल्लीला विचारा, आणि आपल्या जमातीच्या पुढाऱ्यांनाही विचारा. सरकारं एकमेकांना काहीही वचनं देवोत. त्यांची किंमत मोजणाऱ्यांना ती वाचण्याचा आणि नाकारण्याचा हक्क आहे. तो हक्क आपल्याला संविधानाने दिला आहे, तो वापरायचा की नाही हे आपल्या हातात आहे.

आता मी थांबते. तुमचे प्रश्न येऊ द्या, अवघड असतील तर आधी.