कुलाब्याची सुई अलिबागला का गेली?

विद्यार्थी मित्रांनो, नमस्कार. माझा आवाज आत्ता तुमच्यापर्यंत पोचतोय, तो एका चुंबकामुळे. घरातला जुना, मोडका रेडिओ कुणी उघडून पाहिला असेल, तर स्पीकरच्या पाठीला बांगडीसारखं जड, काळं चुंबक दिसलं असेल. त्याच्या मधोमध बारीक तारेचं एक वेटोळं असतं आणि ते कागदाच्या शंकूला चिकटवलेलं असतं. वेटोळ्यातून विद्युतधारा कमीजास्त, उलटसुलट वाहते. त्याप्रमाणे ते पुढे ढकललं जातं, मागे ओढलं जातं. शंकू थरथरतो, हवा थरथरते आणि ‘नमस्कार’ ऐकू येतो. तारेतून वीज वाहिली की तार चुंबकासारखी वागते, एवढीच त्यातली गोम. दहावीच्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं. मी ते एकतीस वर्षं शिकवलं. त्यातल्या पहिल्या दहाबारा वर्षांत मला ते नीट कळलं नव्हतं, हे आज सांगायला हरकत नाही.

१८२० सालची गोष्ट. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड नावाचे प्राध्यापक होते. वीज वाहणाऱ्या तारेजवळ ठेवलेली होकायंत्राची सुई वळते, हे त्यांनी पाहिलं आणि त्या जुलैत ते छापून जाहीर केलं. आता सुई वळली यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. मोठी गोष्ट ती कशी वळली, यात आहे. ती तारेकडे ओढली गेली नाही, तारेपासून पळालीही नाही. ती तारेला आडवी व्हायला बघत होती. तोवर माहीत असलेली बलं सरळ रेषेतली होती: पृथ्वी दगडाला ओढते, चुंबक खिळ्याला ओढतं. इथे मात्र बल तारेभोवती गोल फिरत होतं, मनगटाभोवती कडं असावं तसं. म्हणून तर तुम्हाला उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम पाठ करावा लागतो. अंगठा धारेच्या दिशेने धरा, वळलेली बोटं बलरेषांची दिशा दाखवतात.

हा नियम मी फळ्यावर झकास शिकवत असे. प्रयोगाचा तास आला की मात्र घाई. सहा टेबलं, साठ मुलं, पस्तीस मिनिटं. तार सुईच्या वर, उत्तर-दक्षिण ताणायची. सुईच्या लाल टोकाकडे तोंड करून उभं राहायचं आणि आपल्याकडून लाल टोकाकडे धारा सोडायची. लाल टोक डावीकडे वळलं पाहिजे. प्रयोगवहीत ‘सुई पश्चिमेकडे विचलित झाली’ असं लिहायचं, की सही.

एका वर्षी एका मुलीने लिहून आणलं, ‘सुई पूर्वेकडे विचलित झाली.’ मी म्हटलं, “तारा उलट जोडल्या असशील.” ती म्हणाली, “नाही सर, दोनदा बघितलं. उजवीकडेच जाते.” मागे रांग लागली होती, घंटा व्हायला आली होती. मी म्हटलं, “पुस्तकात काय आहे? तेच लिही.” तिने माझ्यासमोर खोडरबराने ‘पूर्वे’ खोडलं आणि ‘पश्चिमे’ लिहिलं. कागद थोडा फाटला. मी सही केली.

पुढे काही महिन्यांनी, मुलं दहावी होऊन गेल्यावर, मी प्रयोगशाळेचं कपाट आवरत होतो. सुया टेबलावर मांडल्या. पाच सुयांची लाल टोकं उत्तरेला, खिडकीकडे. सहावीचं लाल टोक मैदानाकडे, म्हणजे दक्षिणेला. हलवून पाहिलं, फिरवून पाहिलं, पुन्हा मैदानाकडेच. सुईचे ध्रुव उलटे झाले होते. त्या टेबलावर ती मुलगी लाल टोकाला उत्तर समजून प्रयोग करत होती, म्हणजे तिचा सगळा नकाशाच उलटा फिरला होता. अशा सुईचं लाल टोक उजवीकडेच जायला हवं. तिने डोळ्यांनी पाहिलं ते बरोबर होतं. चूक रंगाची होती, आणि रंगाची चूक मी तिच्या वहीत ढकलली होती.

सुई उलटी कशी झाली? तेही मीच केलेलं. शाळा तपासणीच्या आधी कपाट नीटनेटकं दिसावं म्हणून मी पट्टीचुंबकं आणि सुया एकाच खणात टाकल्या होत्या. लोखंडाच्या आत असंख्य सूक्ष्म भाग असतात आणि प्रत्येक भाग म्हणजे एक चिमुकलं चुंबक असतं. साध्या खिळ्यात ते वाटेल तसे तोंड फिरवून बसलेले असतात, म्हणून एकाचा परिणाम दुसरा पुसून टाकतो. बहुतेकांची तोंडं एका दिशेला वळली की आपण त्याला चुंबक म्हणतो. शेजारी जोरकस चुंबक उलट्या दिशेने पडून राहिलं, तर छोट्या सुईतली तोंडं मुकाट्याने फिरतात. बाहेरचा रंग काही बदलत नाही.

ती मुलगी मला पुन्हा भेटली नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी अलिबागला गेलो होतो. समुद्रकिनाऱ्याजवळ तिथे चुंबकीय वेधशाळा आहे, ती परवानगी काढून पाहिली. आत जाण्याआधी किल्ल्यांचा जुडगा, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल सगळं बाहेर काढून ठेवायला सांगितलं. मला हसू आलं. मग त्या इमारतीची हकिकत ऐकली आणि हसू थांबलं.

पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून होत होत्या. मुंबईत तेव्हा ट्राम होत्या, पण घोड्यांच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या विजेवर चालवायचं ठरलं, आणि इथे ओर्स्टेडची सुई आडवी आली. एक हिशेब करून बघा. पृथ्वीचं क्षेत्र नॅनोटेस्लात मोजतात. नॅनोटेस्ला म्हणजे टेस्लाचा शंभर कोटीवा भाग. आपल्या किनाऱ्यावर सुईला उत्तरेकडे धरून ठेवणारं आडवं क्षेत्र सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. एका लांब तारेतून १०० ॲम्पिअर धारा वाहत असेल, तर एक किलोमीटरवर तिचं क्षेत्र भरतं २० नॅनोटेस्ला. ट्रामची धारा रुळांतून आणि जमिनीतून परत फिरते, त्यामुळे खरा हिशेब इतका सरळ नाही. पण अंदाज येतो. अडतीस हजारात वीस म्हणजे किस झाड की पत्ती? पण सूर्यामुळे पृथ्वीच्या क्षेत्रात रोज जो चढउतार होतो, तोच मुळी काही दशक नॅनोटेस्लांचा असतो. वेधशाळेला मोजायचा होता तो हा चढउतार. दर ट्रामगणिक सुई हलली असती, तर सूर्य कुठला आणि ट्राम कुठली?

त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते डॉ. नानाभॉय मूस. नवी जागा निवडली गेली अलिबाग, कुलाब्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर. गंमत अशी, की तो जिल्हाही तेव्हा कुलाबाच. रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. म्हणजे सुई कुलाब्याहून कुलाब्यालाच गेली. दगड मात्र तिथला वापरला नाही. आपला सह्याद्रीचा काळा पत्थर लाव्हाचा आहे आणि त्यात चुंबकीय खनिज असतं. चांगली सुई त्याच्याजवळ बिचकते. म्हणून पोरबंदरचा दगड तपासून आणला. लोखंडाला मज्जाव, जिथे धातू लागला तिथे तांबं-पितळ. १९०४ मध्ये अलिबागचं काम सुरू झालं, तरी कुलाबा लगेच बंद केलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्या आकड्यांना नव्यांची सांधजोड नीट व्हावी म्हणून. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली आणि १९६४ मध्ये कायमची थांबली. अलिबागच्या नोंदी मात्र थांबल्या नाहीत.

या जुन्या वह्यांचं मोल काय, तेही सांगतो. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याच्या यंत्रांवर क्षेत्र एकाएकी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलं. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर झळाळी पाहिली होती. तिच्या मागोमाग आलेलं ते चुंबकीय वादळ. तेव्हा यंत्रासमोर माणूस बसून डोळ्यांनी आकडे टिपत असे. रोजचा चढउतार काही दशकांचा, आणि हा आकडा सोळाशेचा! यंत्र बिघडलं असंच कुणालाही वाटलं असतं. पण त्या माणसाने दिसला तो आकडा लिहिला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात त्याच नोंदींवरून त्या वादळाचा जोर काढला गेला. ते वाचताना मला फाटका कागद आठवला.

त्याच वादळात अमेरिकेतल्या तारायंत्रवाल्यांनी बॅटऱ्या काढून टाकल्या, तरी बॉस्टन ते पोर्टलंड संदेश जात राहिले. वीज आली कुठून? इथे आपल्या धड्याचा दुसरा अर्धा भाग येतो. विजेपासून चुंबकत्व मिळतं, मग चुंबकत्वापासून वीज का मिळू नये, या प्रश्नामागे मायकेल फॅरेडे लागले. १८३१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी लोखंडी कड्यावर दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एकात धारा चालू करताच दुसऱ्याला जोडलेली सुई हलली आणि परत जागेवर आली. बंद करताना पुन्हा हलली, उलट दिशेने. मधल्या वेळात काही नाही. चुंबक नुसतं असून भागत नाही, क्षेत्र बदलत राहावं लागतं. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. धरणावरचं जनित्र, सायकलचा डायनामो, शाळेच्या स्टेजवरचा माइक ही सगळी याचीच रूपं. १८५९ मध्ये पृथ्वीचं क्षेत्रच भराभर बदललं आणि शेकडो मैल तारेत धारा उत्पन्न झाली. १३ मार्च १९८९ रोजी अशाच एका वादळाने कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली होती.

आता प्रयोग. टॉर्चचा एक सेल, हातभर वेष्टनाची तांब्याची तार आणि एक होकायंत्र घ्या. घरातल्या प्लगला हात लावायचा नाही. सूर्य कुठे उगवतो ते आठवून आधी उत्तर ठरवा आणि सुईचं कुठलं टोक तिकडे वळतं ते तपासा; रंगावर विसंबू नका. तार सुईच्या वर, बोटभर अंतरावर, उत्तर-दक्षिण धरा आणि टोकं सेलला क्षणभर टेकवा. फार वेळ नको, तार तापते आणि सेल संपतो. एक ॲम्पिअर धारा, दोन सेंटिमीटर अंतर असेल तर तारेचं क्षेत्र भरतं १०,००० नॅनोटेस्ला, आणि सुई साधारण पंधरा अंश वळते. मग सेल उलटा करा. तार सुईच्या खालून नेऊन पाहा. दिसेल ते लिहा. पुस्तकाशी जुळलं नाही तर खोडू नका, बाईंना किंवा सरांना दाखवा आणि त्यांना वेळ नसेल तर मधल्या सुट्टीत पुन्हा दाखवा.

आणि हो, प्रयोग करताना हा रेडिओ टेबलावरून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याच्या पाठीला काय आहे, ते मी सुरुवातीलाच सांगितलंय.