वजन घटवणारी शस्त्रक्रिया आणि कर्करोग

लठ्ठपणामुळे मधुमेह होतो हे घरोघरी ठाऊक आहे. कर्करोगाशी असलेले त्याचे नाते मात्र अजून पुरेसे पोहोचलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 13 प्रकारच्या कर्करोगांचा संबंध शरीरातील जादा चरबीशी जोडला. त्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग ठळक आहे. पाळी गेल्यावर बीजकोषांत इस्ट्रोजेन तयार होणे जवळपास थांबते, पण चरबीत ते बनतच राहते आणि अस्तराच्या पेशींची वाढ चालू ठेवते. शिवाय रक्तात इन्सुलिन वाढते, त्याचीही पेशींच्या वाढीला साथ मिळते.

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेत जठर लहान करतात किंवा अन्नाची वाट बदलतात. स्वीडनमधील 2009 च्या अभ्यासात अशी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत कर्करोगाचे प्रमाण घटलेले आढळले. पुरुषांत तसा फरक दिसला नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या 2022 च्या अभ्यासात 10 वर्षांत लठ्ठपणाशी निगडित कर्करोग शस्त्रक्रिया झालेल्या 2.9 टक्के, तर न झालेल्या 4.9 टक्के लोकांना झाला. हे निष्कर्ष निरीक्षणातून आलेले आहेत. म्हणून केवळ कर्करोग टाळण्यासाठी ही शस्त्रक्रिया करून घेणे योग्य नाही. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 35 च्या पुढे असेल, किंवा 30 च्या पुढे असून जोडीला मधुमेहासारखा आजार असेल, तर भारतात तिचा विचार होतो. त्यानंतर बी-12, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात.

सोलापूर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्या नोंदींत स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग दीर्घकाळ आघाडीवर राहिला. तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो, आणि तोंडाचा बहुतांशी तंबाखूमुळे. वजन उतरवून हे दोन्ही टळत नाहीत. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने मोठी पाहणी झाली. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे तीतून 2009 मध्ये सिद्ध झाले. इतका खात्रीचा आणि कमी खर्चाचा उपाय हाताशी असताना तो बाजूला ठेवून शस्त्रक्रियेच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांनीही ही एचपीव्ही तपासणी सोडू नये. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसले, तरी लाज न बाळगता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.