दोन्ही बाजूंनी उघडणारे पुस्तक

वेगळेपण कायम ठेवून जुळणाऱ्या मैत्रीची एक फार जुनी भारतीय कथा ‘पंचतंत्रा’च्या दुसऱ्या तंत्रात, मित्रसंप्राप्तीत, आहे. लघुपतनक कावळा हिरण्यक उंदराशी मैत्री करू पाहतो. उंदीर बिळातूनच नकार देतो, कारण कावळा खाणारा आणि उंदीर त्याचे भक्ष्य. कथा ही भीती खोटी ठरवत नाही. सहवासाने ती ओसरू देते. पुढे मंथरक कासव आणि चित्रांग हरिणही त्यांना येऊन मिळतात. हरिण पाशात अडकते तेव्हा कासव हळूहळू चालत तिथे पोहोचते. त्याचा उपयोग काहीच होत नाही, उलट तेच पारध्याच्या हाती सापडते. तरीही तिघे मित्र युक्ती करून त्याला सोडवतात. मैत्री उपयोगावर मोजायची नसते, हे लहान मुलाला याहून सोपे करून सांगता येणार नाही.

ही कथा सहाव्या शतकात बुर्झोय या इराणी हकिमाने पहलवी भाषेत नेली. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ती अरबीत आणली. तेच ‘कलीला व दिमना’. तिच्या तेराव्या शतकातील सचित्र हस्तलिखित प्रती आजही जतन केलेल्या आहेत. फारसीत ती ‘अन्वार-ए-सुहैली’ झाली. म्हणजे मराठी घरातील आजीचे पंचतंत्र आणि उर्दू घरातील नानीचे कलीला-दिमना ही मुळात एकाच गोष्टीची दोन नावे आहेत.

भिवंडीत ही दोन्ही घरे एकाच गल्लीत असतात. यंत्रमागांच्या या शहरात आगरी आणि कोकणी मुसलमान जुने रहिवासी. उत्तरेतून मोमीन विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली आले. १९७० आणि १९८४च्या दंगलींचे घाव शहराने सोसले. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि १९९२-९३मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. मोठी माणसे समोरासमोर बसायला शिकली. मुले मात्र माध्यमानुसार वेगवेगळ्या शाळांत जातात. त्यांना एकत्र बसवणाऱ्या पुस्तकाचा विचार करण्यासाठी जमलेल्या लेखक, चित्रकार, शिक्षक आणि ग्रंथपालांचे स्वागत या शहरात म्हणूनच मनःपूर्वक होत आहे.

चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट चित्र सांगते. लिओ लिओनी यांच्या १९५९च्या पुस्तकात निळा आणि पिवळा हे दोन मित्र म्हणजे कागदाचे फाडलेले तुकडे आहेत. मिठी मारताच ते हिरवे होतात आणि आईवडील त्यांना ओळखत नाहीत. नाक-डोळे नसलेले हे तुकडे कोणत्याही मुलाला आपले वाटू शकतात. मराठीत माधुरी पुरंदरे यांनी शब्द आणि चित्र दोन्ही स्वतः घडवून घर, शेजार आणि शाळा यांचे रोजचे जग पुस्तकात आणले. त्यांना २०१६मध्ये पहिला बिग लिटल बुक पुरस्कार मिळाला. ‘प्रथम बुक्स’ने २०१५मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’वर मुक्त परवान्याची चित्रपुस्तके अनेक भारतीय भाषांत मिळतात.

भिवंडीपुढे मात्र आणखी एक प्रश्न आहे. मराठी आणि तेलुगू डावीकडून वाचतात, उर्दू उजवीकडून. मराठी पुस्तकात पुढे चालणारी मुलगी उर्दू आवृत्तीत मागे चालताना दिसते. चित्र उलटे छापले, तर सदऱ्याची गुंडी चुकीच्या बाजूला जाते आणि दुकानाची पाटी वाचता येत नाही. यावरचा उपाय पुस्तकाच्या बांधणीतच आहे. एका बाजूने मराठी आणि तेलुगू, दुसऱ्या बाजूने उर्दू, आणि मध्ये शब्दांविना एक जोडपान. दोन मुले आपापल्या टोकाकडून वाचत येतील. मधल्या पानावर तळ्याकाठी कावळा, उंदीर, कासव आणि हरिण बसलेले असतील, आणि ते चित्र दोघांना एकत्रच पाहावे लागेल.